तिरकी खाडी

माझं घर सरळ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण वाडीत अजून अशी माणसं आहेत की आमच्या दारावरून जाताना त्यांची मान आपोआप खांद्याकडे कलते. सवयच लागली मेल्यांना. मी पडवीत बसलेली असले तर विचारते, "काय, मान आखडली काय?" मग ती सरळ होते.

हे सगळं त्या कॅमेऱ्यापासून सुरू झालं. आमचे हे, म्हणजे मुसा, मस्कतला पाइपफिटर. रत्नागिरीत खाडीच्या काठाला आमची जागा होती, तिथे घर बांधायचं ठरलं. पायाला पहिली कुदळ मारून हे गेले ते गेलेच. मग चिरा कुठल्या खाणीचा, वाळू कोणाची, खिडकी कुठे, पुढचे खांब चौकोनी की गोल, सगळं मी ठरवलं. मी आणि केरू गवंडी. केरू म्हणजे असा माणूस की त्याला "चहा घेणार काय?" विचारलं तरी आधी ओळंबा लावून बघेल आणि मग हो म्हणेल. त्याचं आणि माझं रोज भांडण व्हायचं आणि रोज काम पुढे सरकायचं. उंच चौथरा, त्यावर घर, पुढे दोन खांब, वर कठड्याची गच्ची. पुढेमागे गच्चीवर एक मजला चढवायचा आणि तो माझ्या मोठ्या दिरांना, कासमभाईंना द्यायचा, असं ह्यांनी कबूल करून ठेवलेलं होतं. मला न विचारता, हे वेगळं सांगायला नको.

हे पत्र लिहीत नाहीत. हे कॅसेट पाठवतात. गल्फहून कोणी गाववाला आला की त्याच्या पेटीत साबणाच्या वड्यांमध्ये आमची कॅसेट असते. वाडीत टेपरेकॉर्डर आमच्याकडेच, त्यामुळे कॅसेट आली की वाडी पडवीत येऊन बसते. हे पण सुरुवातीला सगळ्यांना नावाने सलाम करतात, कोणाच्या म्हशीची चौकशी करतात, कोणाच्या गुडघ्याची. नवऱ्याने बायकोला काही खाजगी सांगावं अशी कॅसेट माझ्या संसारात आलेली नाही.

त्या खेपेला कॅसेटबरोबर जपानी कॅमेरा आला. हे टेपमध्ये म्हणाले, "हफीजा, घर पुरं झालं म्हणतेस. मी काय बघितलं नाय. चांगला फोटो काढून पाठव. माणसांचा नको. घराचा."

आता फोटो म्हटलं की मला माहीत होता तो काशीरामचा. राम आळीत त्याचा स्टुडिओ. मागे रंगवलेला डोंगर, पुढे प्लॅस्टिकची फुलं, "हनुवटी खाली, डोळे मोठे" असं तो सांगणार आणि आपण भूत बघितल्यासारखे दिसणार. मी कॅमेरा घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने रोल भरून दिला, खटका कुठला ते दाखवलं आणि म्हणाला, "घराचा काय फोटो काढायचा? घर हलत नाय, डोळे मिटत नाय. कोणपण काढील."

मला तेच हवं होतं. मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

दुपारी भांडी उरकली आणि मी गल्लीत उभी राहिले. आमचं दार गल्लीकडे, म्हणजे उगवतीला. पाठीमागे मावळतीला खाडी. दुपारचा सूर्य बरोबर गच्चीवर येऊन बसलेला. मी म्हटलं, वा, उजेड भरपूर आहे. धडाधड खटके मारले. मग उरलेल्या रोलमध्ये मागे जाऊन खाडीचे पण मारले.

काशीरामने रोल धुतला आणि फोटो माझ्यापुढे एकेक ठेवले. घर म्हणून काही नव्हतंच. उलट्या तव्यासारखं एक काळं, आणि त्याच्या कडेने उजेड.

"सूर्य कुठे होता?" त्याने विचारलं.

"आकाशात."

"घराच्या पाठी होता. तो तुमच्या पाठी हवा. ज्या अंगाचा फोटो काढायचा, त्या अंगावर ऊन पडायला हवं. तुमचं दार उगवतीला, तर सकाळी काढा." मग त्याने खाडीचा फोटो उचलला आणि मान कलवून बघितला. "आणि बाई, ही खाडी सांडतेय."

खरंच सांडत होती. मी कॅमेरा हातात तिरका धरला होता, त्यामुळे पाण्याची रेघ एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात खाली उतरली होती, आणि होड्या आता घरंगळतील असं वाटत होतं. "पाण्याची रेघ कायम आडवी ठेवायची," काशीराम म्हणाला. "हा पहिला नियम. शिकून घ्या." जन्मात स्टुडिओच्या बाहेर फोटो काढायला न गेलेला माणूस मला खाडी शिकवत होता. पण बोलत होता ते बरोबर, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या खेपेला सकाळी गेले. घरावर छान कोवळं ऊन. पण गल्ली ती केवढी. पाठ समोरच्या यमुनाकाकीच्या भिंतीला टेकली तरी कॅमेऱ्यात एक तर पायऱ्या यायच्या किंवा कठडा. मग मी गल्लीच्या कोपऱ्यात सरकले, खाली बसले, आणि कॅमेरा वर उचलला. आलं सगळं घर. मी खूश. काशीरामनेही फोटो धुऊन दिले तेव्हा "उजेड चांगला आहे" एवढं म्हटलं. त्यातला सगळ्यात चांगला मस्कतला धाडला आणि एक प्रत मुंबईला, कासमभाईंना. घरात काहीही झालं तरी कासमभाईंना प्रत जाते.

पुढची कॅसेट आली. वाडी जमली. सलाम झाले, म्हैस झाली, गुडघा झाला. मग हे म्हणाले, "हफीजा, घर पाठी पडतंय गो."

पडवीतली सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"मी खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं," टेप पुढे बोलू लागली. "सगळे बोलले, मुसा, तुझं घर खाडीत जाणार. दोन्ही खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकलेत. मी आयुष्यभर पाइप सरळ आहे का वाकडा तेच बघतो, मला कळत नाय काय? भाईंनी पण मुंबईत फोटोवर पट्टी लावून बघितली. भाईंचं मत पडलं की गवंड्याने घात केला."

टेप संपायच्या आत निम्मी वाडी गल्लीत जाऊन उभी राहिली होती आणि माना कलवून घर बघत होती. जो बघेल त्याला ते वाकडं दिसायला लागलं. कालपर्यंत ह्याच लोकांनी त्या खांबांना टेकून माझा चहा प्यायला होता. समोर यमुनाकाकी तेवढी आपल्या माडीच्या खिडकीत सरळ मानेने बसलेली होती. ती आमच्याशी बोलतच नसे. आमचा चौथरा वर आला तेव्हा तिचं आणि माझं कडाक्याचं वाजलं होतं, तेव्हापासून गल्लीत समोरासमोर आलो तरी ती आपल्या पदराकडे बघायची आणि मी माझ्या पिशवीकडे.

केरूला कळलं तेव्हा तो पांढरा पडला. राग आला की तो मोठ्याने बोलत नाही, हळू बोलतो. "माझं काम वाकडं?" तो म्हणाला. पिशवीतून ओळंबा काढला, कठड्यावरून सोडला. दोरी भिंतीला कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. "आता काढा ह्याचा फोटो. ओळंबा खोटं बोलतो काय ते बघू दे मस्कतवाल्यांना."

मला हे इतकं पटलं की मी पुन्हा त्याच कोपऱ्यात बसले, पुन्हा कॅमेरा वर उचलला आणि ओळंब्यासकट घर काढलं. काशीरामने फोटो हातात दिला. घर पाठी पडत होतं आणि त्याच्याबरोबर ओळंबापण पाठी पडत होता.

केरूने तो फोटो बराच वेळ बघितला. सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ओळंबा चुकत नाय. घर चुकलं नाय. म्हणजे जमीनच तिरकी असणार." आणि पिशवी उचलून घरी गेला. आमच्या न्हाणीघराचं काम राहिलं होतं, त्यावर यायचा बंद झाला. दुसऱ्या कोणाकडेही जाईना, नुसता आपल्या अंगणात बसून राहिला. त्याच्या बायकोने, तुळसाने, मला बाजारात गाठून विचारलं, "काय केलंत हो माझ्या माणसाला?" मी फोटो काढला, एवढंच.

मी तो ओळंब्याचा फोटो धाडला. म्हटलं, एवढं बघून तरी डोकं चालवतील. कॅसेट आली ती अशी: "भाई बोलले, ओळंब्याला खालून खिळा मारलाय. मी म्हटलं असेल. आता असं कर, काम थांबव. भाई मे महिन्यात रजा काढून येतायत. चार माणसं घेऊन येतील, पुढची भिंत आणि खांब उतरवतील आणि नीट बांधून घेतील. घराची चावी भाईंकडे दे. तू बाईमाणूस, तुला फसवलं त्यात तुझी चूक नाय."

बाईमाणूस. हे वाक्य सगळ्या वाडीने ऐकलं. मी टेप बंद केली आणि सगळ्यांना घरी घालवलं. मग आत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. एकेक चिरा मी वाजवून घेतला होता. त्या भिंतीला गिलावा होत होता तेव्हा मी उन्हात उभी होते. आणि आता ती पाडणार, का, तर फोटोत वाकडी दिसते.

तुम्ही म्हणाल, दीर आले की डोळ्यांनी बघतीलच की घर सरळ आहे. तर तुम्ही आमच्या कासमभाईंना ओळखत नाही. त्यांचं एकदा मत पडलं की ते पडलं. एकदा त्यांनी मुंबईत बसून ठरवलं की आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं. आले, प्यायले, गोड लागलं. म्हणाले, आज लागतंय. आणि विहिरीवर झाकण टाकून गेले. त्यांना घर दाखवून उपयोग नव्हता. ते यायच्या आत त्यांना फोटोच दाखवायला हवा होता. ज्या फोटोने घर वाकडं केलं त्यानेच ते सरळ करायला हवं होतं.

पुन्हा राम आळी. मी काशीरामच्या टेबलावर सगळे फोटो आपटले. म्हटलं, "हनुवटी खाली करणारे, आता सांगा, माझं घर का पडतंय?"

काशीराम घाबरला असावा. त्याने फोटो चाळले आणि विचारलं, "कॅमेरा वर उचललात?"

"मग काय, नाहीतर कठडा येत नाय."

"तिथेच घात आहे. कॅमेरा वर बघायला लागला की घर पाठी जातं. कोणाचंही जातं. कॅमेरा भिंतीसारखा ताठ धरायचा. ना वर, ना खाली."

"आणि सगळं घर मावायचं कसं?"

"लांब जायचं."

"पाठी यमुनाकाकीची भिंत आहे."

"मग उंच जायचं. घराच्या मध्यावर येईल एवढी उंच जागा बघायची. तिथून समोर ताठ."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणालात काय, शिकवा म्हणून?" काशीराम म्हणाला. ह्यावर मी त्याला जे बोलले ते इथे नको.

मी उंच जागा शोधायला लागले. केरूची शिडी आणून गल्लीत लावली, तर वर चढून कॅमेरा डोळ्याला लावायचा की शिडी धरायची ते ठरेना. कोपऱ्यावरच्या फणसावर चढले. ह्या वयात, साडी खोचून. फोटोत फणसाची पानं आली आणि एका फांदीपलीकडे आमची अर्धी खिडकी. वाडीतल्या बायकांनी घरी जाऊन सांगितलं की हफीजाच्या डोक्यावर परिणाम झाला. खाली उतरताना मी समोर बघितलं तेव्हा मला दिसलं, आणि मला आधीपासून ठाऊक होतं तेच दिसलं. सगळ्या वाडीत आमच्या घराच्या मध्यावर येईल एवढी उंच आणि बरोबर समोर अशी एकच जागा होती. यमुनाकाकीच्या माडीची खिडकी.

रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी कॅमेरा घेतला, वाडग्यात गरम घावणे घेतले, गल्ली ओलांडली आणि हाक मारली, "काकी, आत येऊ?"

जिन्यावरून आवाज आला, "पायपुसण्याला पाय पूस. चिखल नको वर."

मी वर गेले. बसकी माडी, डोक्याशी कौलांचा वास, खिडकीशी एक पाट. यमुनाकाकी पाटावर बसलेली. तिने घावण्यांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"तुजं घर वाकडं हाय म्हणे," ती म्हणाली.

"लोक म्हणतात."

"लोकांना काय कळतंय. मी रोज बघते. दुसरं काय बघायला ठेवलंस मला? सरळ हाय. सुतासारकं सरळ हाय." ती पाटावरून उठली आणि बाजूला झाली. "ये, बस. बघ."

मी पाटावर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. समोर माझं घर. पायऱ्यांपासून कठड्यापर्यंत, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. सकाळचं ऊन बरोबर खांबांवर. मला एकदम भरून आलं. घर पुरं झाल्यापासून ते मी असं सबंध बघितलंच नव्हतं. खाली गल्लीतून ते कधी मान वर न करता दिसलंच नव्हतं.

आणि मग हेही दिसलं की ह्या खिडकीतून घराशिवाय दुसरं काही म्हणजे काहीच दिसत नाही. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत मीच.

"हितनं आदी सगळी खाडी दिसायची," काकी मागून म्हणाली. भांडायच्या आवाजात नाही, नुसतीच. "दादूची होडी तोंडाशी दिसली की मी भात चढवायची. तो होडी बांधून वर येईस्तोवर भात तयार. आता कदी कच्चा, कदी थंड. पोरगं बोलत नाय, गप खातं."

दादू तिचा मुलगा. मासेमारी करतो. मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"तुजा क्यामेरा तिरका हाय," काकी म्हणाली.

"ताठच आहे."

"उजवीकडं खाली हाय. थांब." ती खाली गेली आणि पेला भरून पाणी घेऊन आली. काठोकाठ. तो तिने खिडकीच्या चौकटीत ठेवला. "ह्या पाण्याकडं बग आणि हात धर. पाणी चुकत नाय."

मग आम्ही दोघी अर्धा तास त्या खिडकीत बसलो. मी कॅमेरा धरायची, ती पाण्याकडे बघून म्हणायची "वर", "जास्ती झालं", "आता पाठी कललीस", आणि मध्येच घावण्याचा तुकडा तोडायची. तिच्या सांगण्यात काशीरामसारखा तोरा नव्हता, पण तिचा मारा काही कमी नव्हता. शेवटी ती म्हणाली, "हां, आता हलू नको."

मी खटका दाबला. आणि दाबता दाबता आमच्या कठड्याच्या वर एक बारीक काठी उगवली, टोकाला लाल फडकं, आणि हळूहळू उजवीकडे सरकत गेली. डोलकाठी. भरतीला होडी काठाला लागून येते तेव्हा तेवढंच टोक वर येतं.

"दादू आला," काकी म्हणाली आणि उठून भात चढवायला खाली गेली. जिन्यावरूनच म्हणाली, "भरतीला एवडं टोक तरी दिसतं. तुजा वरचा मजला चढला की तेपण गेलं."

फोटो आला. घर असं उभं की केरूने बघितलं आणि पिशवी उचलून कामावर आला. गच्चीवर डोलकाठीचं टोकही आलं होतं, लाल फडक्यासकट. मी प्रती धाडल्या, एक मस्कतला, एक मुंबईला.

कॅसेट आली. सलाम, म्हैस, गुडघा. मग हे म्हणाले, "हफीजा, घर सरळ आहे गो. भाईंनी पट्टी लावून बघितली. भाई बोलले, गवंड्याने घाबरून रातोरात सरळ केलं असणार." पडवीत केरू बसलेला होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आता भिंत पाडायची नाय. पण गच्चीवर ती काठी कसली? मला न विचारता टीव्हीची एरियल लावलीस काय? बरं, आता भिंत मजबूत आहे तर पावसाच्या आधी वरचा मजला सुरू कर. भाईंना दोन खोल्या आणि मोरी. भाई रिटायर झाले की कायमचे येणार आहेत."

भिंत वाचली आणि कासमभाई डोक्यावर आले.

समोरच्या खिडकीत यमुनाकाकी बसलेली होती. टेपचा आवाज तिला ऐकू गेला असणार. ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी मी फार विचार केला. कासमभाई कायमचे वर. विहिरीवर झाकण, तसं माझ्यावर झाकण. आणि समोर ती म्हातारी, कच्च्या भाताची. मी जे केलं त्यात काकीसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मी वेगळं करून बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. मला एवढंच आठवलं की मी एक गोष्ट सगळ्यात आधी शिकले होते, आणि ती कोणी न शिकवता मला उत्तम जमली होती.

ओहोटीची वेळ साधून मी घराच्या पाठी, काठावर गेले. एका बाजूला घर, मधे जमीन, पलीकडे खाडी, सगळं एका फोटोत येईल अशी उभी राहिले. सूर्य पाठीशी घेतला. मग कॅमेरा तिरका धरला. अगदी थोडाच, फार झालं असतं तर कळलं असतं.

काशीराम तो फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा दुखावलेला होता. "बाई, खाडी परत सांडतेय. एवढं शिकवलं."

"सांडू दे," म्हटलं. "दोन प्रती काढा."

मी कॅसेटमध्ये जास्त काही बोलले नाही. म्हटलं, घर तुम्ही सरळ म्हणताच आहात. गवंड्याची शंका होती की जमीन तिरकी असेल. त्याच्या शंकेचं मी काय सांगणार, मी बाईमाणूस. फोटो धाडलाय. फोटो काय खोटं बोलणार आहे? भाईंना विचारून बघा.

ह्यांच्या उत्तराची कॅसेट आली तेव्हा मी पहिल्यांदाच वाडीच्या आधी एकटीने ऐकली. हे खूप वेळ खोकत होते. मग म्हणाले, "भाईंचं मत पडलं. घर जमिनीशी काटकोनात आहे, गवंड्याचा दोष नाय. जमीन खाडीकडे उतरलीय. वर वजन टाकलं तर सगळं घसरेल. भाई बोलले, मजला चढवू नका, मी माझी म्हातारपणाची सोय मुंबईतच करतो. मला त्यातलं काय कळत नाय. भाई बोलतात म्हणजे बरोबर." आणि पुन्हा खोकले.

मी वाडीला बोलावून ती पुन्हा लावली. यमुनाकाकीची खिडकी मध्येच उघडली.

हे त्याच्या पुढच्या वर्षी रजेवर आले. सामान खाली ठेवायच्या आधी गल्लीत उभे राहून मान कलवून घर बघितलं. पुन्हा सरळ करून बघितलं. मग खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं बांधलंस गो." एवढंच. वाडीसमोर. मी आत निघून गेले, नाहीतर सगळ्यांना दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाकाकीने त्यांना चहाला वर बोलावलं. बराच वेळ बसले. खाली आले ते गल्ली ओलांडून थेट पाठी खाडीवर गेले. मी मासळी साफ करत होते. ते काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"हफीजा," ते म्हणाले, "खाडी सरळ आहे."

मी म्हटलं, "आता भरती आहे. भरतीला सरळच दिसते."

"मी पाइपफिटर आहे गो," ते म्हणाले. "बाकी मला काय कळत नसेल, पण पाणी तिरकं उभं राहत नाय एवढं कळतं. मस्कतला फोटो बघितला तेव्हाच कळलं."

मी सुरी खाली ठेवली. "मग बोलला नाहीत ते?"

हे माझ्या शेजारी दगडावर बसले. "भाईंना नाय म्हणायची माझी छाती कधी झाली? लहानपणापासून नाय झाली. म्हटलं, खाडीने परस्पर म्हटलं, बरं झालं." मग गच्चीकडे बघितलं; तिच्यापलीकडे, इथून न दिसणारी, काकीची माडी. काकी आत्ता खिडकीत बसून कठड्याकडे बघत असणार. दादूची होडी काठाला लागत होती, म्हणजे तिला लाल फडकं दिसायला लागलं असणार.

"भाई दिवाळीत येतो म्हणतायत," हे म्हणाले. "स्वतः बघतो म्हणतायत, जमीन किती उतरली ती."

"मग?"

"मग काय. त्याच्या आधी अजून एक फोटो काढून ठेव," हे म्हणाले. "आणि या खेपेला जरा जास्त तिरका धर."